टाकून दिलेले सीनही बघा!

‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ थिएटरात बघून झालाय, मग डिस्क कशाला, असं म्हणाल. थांबा जरा! 2019 मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर पटकावलेला हा सिनेमा ब्लू-रेवरही आलेला आहे आणि तो पॉज करत बघण्यात वेगळीच मजा आहे.

जंगलातला सीन लावा. मुरलेला पीटर सेकंदाला 24 चित्रांत सफाईदार झोके घेतो. नवखा माइल्स मात्र 12 चित्रांत हलतो, म्हणून तो अडखळल्यासारखा वाटतो. त्याचं शिकाऊपण हालचालीतच दिसतं. थिएटरात हे जाणवतं, पण पकडता येत नाही.

‘अल्टरनेट युनिव्हर्स मोड’मध्ये गाळलेले प्रसंग सिनेमात परत जोडलेत, तेही अर्धेकच्चे. त्यामुळे सिनेमा लांबतो, लय बिघडते. पहिल्यांदाच बघणार असाल, तर हा मोड नकोच. दुसऱ्यांदा मात्र नक्की बघा. ऑस्कर मिळवणाऱ्या टीमनंही मेहनतीनं केलेलं किती काम बाजूला ठेवलं, ते इथे कळतं.

आपण काय करतो? दुसऱ्याची फायनल कॉपी बघतो आणि आपल्या पहिल्या ड्राफ्टशी तुलना करतो. एकांकिका असो की शॉर्टफिल्म, ‘आपल्याला नाही जमणार’ म्हणून मोकळे! त्या न्यूनगंडावर हा कच्चा माल चांगला उतारा आहे.

लॅपटॉपला ड्राइव्ह नाही? ग्रुपमध्ये कुणाकडे तरी प्लेस्टेशन असेलच. एकच डिस्क घ्या आणि त्याच्याकडे धडका!