म्हणे अपारंपरिक!

दिवाळी हा दिव्यांचा सण. तेव्हा फराळाचे ताट पुढ्यात असताना दिव्यावरूनच थोडे भांडण काढले, तर वाचकांनी रागावू नये. भांडण माणसांशी नाही, तीन शब्दांशी आहे. मी पडलो शाळामास्तर. मुलाच्या वहीत चुकीचा शब्द दिसला की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. मग सरकारच्या वहीत दिसला तर तो का आवरावा?

पहिला शब्द 'अपारंपरिक'. सूर्य आणि वारा यांपासून होणाऱ्या विजेला सरकारदरबारी हेच नाव आहे. राज्याच्या २०२० सालच्या धोरणाच्या कपाळीही हाच शब्द आहे. आता आमच्या रत्नागिरीत येऊन पाहा. वैशाखात अंगणात आमसुले, आंबापोळी, पापड आणि सुकी मासळी कोणाच्या जिवावर वाळतात? दाभोळ बंदरातून गलबते अरबस्तानापर्यंत जात, ती कोणत्या इंधनावर? शिडात भरलेल्या वाऱ्यावरच ना? हे सारे म्हणे अपारंपरिक! आणि जयगडला १२०० मेगावॅटच्या केंद्रात परदेशाहून जहाजाने आणलेला कोळसा जळतो, तो मात्र पारंपरिक! घरच्या म्हाताऱ्याला पाहुणा म्हणायचे आणि काल आलेल्या पाहुण्याला घरधनी, अशातला हा प्रकार.

हा उलटा शब्द आम्हाला फार महाग पडला आहे. त्याच दाभोळचे नाव लावून, खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात एन्रॉन अवतरली. बोलणी १९९२ ची. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला १९९९ साली. इंधन नाफ्था. हिशेब डॉलरशी बांधलेला. आणि करार असा, की वीज घ्या अगर न घ्या, स्थिर आकार मोजलाच पाहिजे! मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळे काढले. २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून तो पसारा सावरला. पण पुढे गॅस मिळेना, म्हणून यंत्रे पुन्हा बराच काळ थंड पडली. कादंबरीत मी असे कथानक लिहिले, तर संपादक 'अतिरंजित' असा शेरा मारून हस्तलिखित परत पाठवतील. सूर्याने आजवर कुणाला डॉलरमध्ये बिल पाठवलेले नाही, एवढे तरी कबूल करावे.

दुसरा शब्द 'पोटखराबा'. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सडा म्हणजे जांभ्या कातळाचा सपाट माथा. सात-बाराच्या लेखी हा पोटखराबा, म्हणजे लागवडीस नालायक. पण याच सड्यावर श्रावणात रानफुलांचा गालिचा असतो, गुरे चरतात, इथलेच पाणी झिरपून खालच्या विहिरी भरतात. याच कातळावर कोण जाणे किती हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली. २०२२ साली ती कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यालाही 'पडीक' ठरवूनच ९९०० मेगावॅटच्या अणुकेंद्राचा आराखडा निघाला. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला आंदोलकांवर गोळीबार झाला, एक माणूस गेला. केंद्र अजून उभे नाही.

आता सूर्य आला म्हणजे न्यायही आला, असे कुणी समजू नये. पाण्याची वीजही धूर सोडत नव्हती. तरी टाटांच्या धरणापायी मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरे जाऊ लागली, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला. कोयनेचे पाणी १९६२ पासून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरून वीज देते आहे. त्या धरणाखाली गावे गेली, ते लोक अजून पुनर्वसनासाठी आंदोलने करतात. म्हणून उद्या आमच्या सड्यावर काळ्या पट्ट्या अंथरायला कंपनी आली, तर ती कोळशाची नाही एवढ्यावर भाळून अंगठा उठवण्याचे कारण नाही.

तिसरा शब्द 'लाभार्थी'. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने घराच्या छपरावरील विजेची योजना आणली. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे. एक किलोवॅटची पट्टी स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देते. जास्तीची वीज मीटरमधून महावितरणकडे जाते. म्हणजे छप्पर याचे, पदरचे पैसे याचे, वीज हा पिकवणार, आणि नाव काय? तर लाभार्थी! डेअरीला दूध घालणाऱ्याला डेअरीचा लाभार्थी म्हणतो का कुणी? शिवाय ज्याच्यापाशी अनुदानाच्या वरची रक्कम नाही, त्याच्या कौलांवर ऊन नुसतेच तापते.

"मास्तर, आषाढात तुमचा सूर्य कुठे असतो?" असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आषाढात सूर्य रजेवर असतो. पण त्याच महिन्यात वारा सुटलेला असतो आणि नद्या दुथडी भरलेल्या असतात. रात्रीचे म्हणाल, तर सह्याद्रीत घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचे केंद्र आहे. वीज स्वस्त असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की सोडायचे, ही तिथली युक्ती. मोठी केंद्रे आज बंद करा, असे कोण म्हणतो? पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात खांब झोपवले, तेव्हा याच जिल्ह्यात एवढी केंद्रे असून कित्येक गावे दिवसचे दिवस काळोखात राहिली. वीज आमच्या दारावरून जाते, दारात थांबत नाही!

म्हणून पहिली पट्टी आणि पहिली बॅटरी गावच्या शाळेवर, आरोग्य केंद्रावर आणि नळपाण्याच्या पंपावर बसली पाहिजे, आणि वादळात उडणार नाही अशी घट्ट बसली पाहिजे. गरिबाच्या छपराची उरलेली रक्कम सरकारने हप्त्याने, त्याच्याच विजेतून वळती करून घ्यावी. सडा विकायचा नाही. द्यायचाच तर मुदतीच्या भाड्याने, आणि दर युनिटामागे गावाचा वाटा ठरवून. सणाला घरी आलेल्या मुंबईकरांनीही हे ध्यानी धरावे, कारण सात-बारावर त्यांचीही नावे आहेत आणि दलाल आधी त्यांनाच गाठतो. ग्रामसभेत उभे राहून एकच विचारा: यातली वीज किती आमची आणि पैसा किती आमचा? कागदावर उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.