गेली? आधी जम्पर बघा!

माळ्यावर धूळ खात पडलेला वीसेक वर्षांपूर्वीचा पीसी बऱ्याच घरांत अजून असतो. त्यातली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या जुन्या मशीनला लावायची, बायोसमध्ये दिसली नाही की लगेच जाहीर करायचं, "गेली!" मग लग्नामुंजींच्या फोटोंसकट ती भंगारात. माझं स्पष्ट मत आहे, जम्पर तपासल्याशिवाय कुठल्याही डिस्कला मृत घोषित करू नये.

साटा डिस्क २००३ पासून बाजारात येऊ लागल्या. त्याआधी घरच्या पीसीत सगळा कारभार आयडीईचा. एका रुंद केबलवर दोन ड्राइव्ह, त्यात मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे ठरवणार ड्राइव्हच्या मागचा तो चिमुकला जम्पर. दोघंही मास्टर? मग एका म्यानात दोन तलवारी... कधी एकच दिसतो, कधी दोन्ही गायब! वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर तर एकट्या डिस्कसाठी 'सिंगल' अशी वेगळी सेटिंग असायची. सोबत स्लेव्ह नसताना जम्पर 'मास्टर'वर राहिला, तर धडधाकट डिस्कही दिसेनाशी व्हायची.

वाद नको असेल तर दोन्ही जम्पर 'केबल सिलेक्ट'वर ठेवा. ८० तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, दुसऱ्या टोकाचं काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. संपलं. जुनं मशीनच नसेल तर यूएसबी अडॅप्टर मिळतो. फक्त साडेतीन इंची डिस्कला वेगळा पॉवर द्यावा लागतो, आणि जम्पर बहुतेक वेळा मास्टर (किंवा सिंगल) हवा. हो, डिस्क खटखट आवाज करत असेल तर मात्र प्रयोग लगेच थांबवा आणि जाणकाराकडे न्या.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जुने फोटो नसले तरी चालतील.

ठीक आहे. पण त्याच डिस्कवर बाबांची बँक स्टेटमेंट्स, पॅन कार्डाचं स्कॅन, तुमचा जुना बायोडेटा असू शकतो. तुम्हाला न दिसलेली डिस्क भंगारातून घेणाऱ्याने जम्पर नीट लावला तर त्याला व्यवस्थित दिसेल. नुसतं क्विक फॉरमॅट मारूनही डेटा पुसला जात नाही. तेव्हा फोटो हवे असोत वा नसोत, डिस्क एकदा नीट जोडाच. हवं ते काढून घ्या, बाकीचं सगळं ओव्हरराइट करा. आणि काही केल्या दिसलीच नाही, तर भंगारात देण्याआधी तिच्या तबकड्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडा.