दादीचे आठ दाणे

आमच्या दादीला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. पोलीस अॅक्शन झाले तेव्हा, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये, ती दहा-अकरा वर्षांची होती, एवढाच तिचा हिशेब. त्या दिवसांत शेजारच्या पाटलांनी तिच्या घरच्यांना चार रात्री आपल्या माळवदाच्या घरात ठेवून घेतले होते. पुढे शेवटपर्यंत ईदचा शीरखुर्मा आधी पाटलांकडे जायचा, मग आमच्या ताटात. १९७२ च्या दुष्काळात तिने कळंबजवळच्या रस्त्यावर खडी फोडली आणि तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून मुलांसाठी घरी आणली. गेल्या वर्षी रमजानच्या आधी ती अल्लाहला प्यारी झाली. वय सत्त्याऐंशीच्या आसपास असेल.

दादी कुरआन शरीफ वाचायची, पण मराठी लिहिणे-वाचणे तिला येत नव्हते. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी असाच एक कागद आला. मी तेव्हा नववीत होते. दादीचे दोन भाऊ गावाकडून आले होते. दादी म्हणाली, "बेटा, पढ के सुना, क्या लिक्या है?" बाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या. मी वरच्या दोन ओळी पाहिल्या आणि म्हणाले, "वारसांची नावं लावायचा कागद आहे, दादी." दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत जाऊन अंगठा दिला.

ते हक्कसोडपत्र होते. दहा एकर जमीन, दोन भाऊ आणि एक बहीण. शरीअतप्रमाणे भावांचे चार-चार एकर आणि दादीचे दोन. ते दोन एकर माझ्या घाईत गेले.

दादीला काही महिन्यांनी कळले. ती भावांशी भांडली नाही. माहेरी जाणे-येणे तसेच राहिले. फक्त एकदा म्हणाली, "समज के छोडती तो माफ था. पूछे बिगर छुडाए."

दादा वारले तेव्हा आमची आठ एकर जमीन होती. अब्बा, दोन चाचा आणि एक फुफू. कुणीतरी म्हणाले, "फुफूचं लग्न थाटात केलं, तिला आता काय द्यायचं?" दादी उठली, डब्यातून तुरीचे आठ दाणे आणले आणि जाजमावर मांडले. एक दाणा स्वतःकडे ओढला, तो बेवेचा आठवा हिस्सा. उरले सात. तिन्ही मुलांपुढे दोन-दोन ठेवले. शेवटचा दाणा फुफूच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली. "जहेज बाप की खुशी थी. ये अल्ला का हुकूम है," एवढेच बोलली. सूरह निसामधला हा हिशेब मी बी.एड. झाल्यावरही कागदावर मांडून करते. दादीने तो एका मिनिटात केला. सातबाऱ्यावर फुफूचे नाव लागले.

शेवटच्या आजारपणात मी तिचे पाय चेपत होते. तीस वर्षे मनात ठेवलेले बोलून टाकले, "दादी, तो कागद मी पूर्ण वाचलाच नव्हता. माफ कर." ती हसली. "तू तो बच्ची थी." थोड्या वेळाने म्हणाली, "अब बच्ची नहीं."

तिचे ते शेवटचे तीन शब्द मी हुकूम मानले आहेत. आता माझ्या वर्गातल्या मुली दहावीतून जाण्यापूर्वी सातबारा वाचायला शिकतात. गुंठे, आणे, वारसांची नावे, सगळे.

भावांनो, बहिणीपुढे कागद ठेवाल तेव्हा तो तिच्या बोलीत शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. तिचा हिस्सा किती, हे आकड्यात सांगा. विचार करायला तिला चार दिवस द्या. त्यानंतर तिने खुशीने सोडले तर ती तिची मर्जी. भिडेने घेतलेली सही ही माफी नव्हे. आणि बहिणींनो, हक्क मागितल्याने नाते तुटते, ही भीती मनातून काढा. आमच्या फुफूचा दाणा तिच्या मुठीत गेला, तरी दर ईदला ती आमच्याच घरी येते.

अल्लाह तआला दादीची मगफिरत करो. आमीन.