कैदेतून सुटला, पण पुन्हा लढू शकतो का?

शत्रूच्या कैदेतून सुटलेला सैनिक लगेच युनिफॉर्म चढवून पुन्हा लढायला जाऊ शकतो का? नारायणगावात पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींनाही हा प्रश्न पडायला हवा. उत्तर एकच नाही. तो सुटला कसा, यावर बरंच ठरतं.

आपल्या जवळचं उदाहरण ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याजवळ त्यांचं निधन झालं. १९७१ च्या युद्धात विमान पडल्यावर ते रावळपिंडीच्या छावणीत अडकले. डिसेंबरातच युद्ध संपलं, तरी सुटका होईना. मग ऑगस्ट १९७२ मध्ये ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंत फोडून पळाले. अफगाण सीमेच्या तोंडाशी पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ ला सगळे मायदेशी आले आणि परुळकर पुन्हा हवाई दलात रुजू झाले. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पळण्याच्या फसलेल्या प्रयत्नाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते. त्यांनी कुणाला शब्द दिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

शब्द दिला की गणित बदलतं. पॅरोल म्हटलं की आपल्याला येरवडा आठवतं. युद्धात मात्र पॅरोल म्हणजे ठरलेल्या अटी पाळण्याचं वचन देऊन सुटणं, बहुतेकदा ‘पुन्हा लढणार नाही’ असं. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ च्या करारानुसार असा सैनिक रीतसर अदलाबदल होईपर्यंत शस्त्र उचलू शकत नव्हता. म्हणजे घरी असूनही तो अर्धा कैदीच.

आजचं उदाहरण युक्रेनचं. सप्टेंबर २०२२ च्या अदलाबदलीत अझोव्हचे कमांडर सुटले, पण युद्ध संपेपर्यंत तुर्कस्तानातच राहायचं, अशी अट होती. ८ जुलै २०२३ ला झेलेन्स्की त्यांना घरी घेऊन आले. पुढे प्रोकोपेंको यांनी ब्रिगेडची सूत्रं पुन्हा हाती घेतली. रशिया म्हणाला, करार मोडला. युक्रेनमध्ये जल्लोष झाला.

जल्लोष समजण्यासारखा आहे. पण याची किंमत कोण मोजणार? अजून छावणीत असलेला सैनिक. एकदा शब्द मोडला, की समोरचा पुढच्या कैद्याला सोडताना हात आखडता घेतो.

दुसरी बाजूही बघा. युद्ध संपल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडा, असं हाच जिनिव्हा करार सांगतो. परुळकर वर्षभर अडकले, तसे आपल्याकडचे सुमारे ९३ हजार कैदीही १९७३ च्या दिल्ली करारापर्यंत अडकून होते. सरकारं कैद्यांना वाटाघाटीतलं नाणं समजतात, तेव्हा सैनिकाच्या शब्दालाही मोल उरत नाही. म्हणून शब्द पाळायची अपेक्षा फक्त सैनिकाकडून ठेवून चालणार नाही. ती आधी सरकारांकडून हवी.