उजनीच्या पाण्यावर नवी खोती नको

सोलापूर जिल्ह्याच्या एकात्मिक पर्यटन आराखड्यात उजनी धरणावरील जलपर्यटनाला शासनाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. धक्के बांधले जाणार, नव्या बोटी येणार, मुक्कामाची सोय होणार आणि पुण्या-मुंबईचा पैसा आपल्या दुष्काळी काठाला लागणार, अशी चर्चा तेव्हापासून सुरू आहे. पर्यटन येत असेल तर जरूर यावे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण त्या नव्या बोटीच्या सुकाणूवर हात कोणाचा राहणार? आज जो माणूस याच पाण्यात होडी चालवून पोट भरतो त्याचा, की ठेका घेऊन येणाऱ्या कंपनीच्या पगारी नोकराचा? आराखड्याची चर्चा करणारे पुढारी हा प्रश्न विचारत नाहीत. म्हणून तो चळवळीने विचारला पाहिजे.

उजनीचा नावाडी कोण आहे, हे आधी समजून घेऊ. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातले जवळपास ६४ टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोजले जाते. या पाण्यावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, कारखान्यांच्या जोरावर आमदार-खासदार उभे राहिले. सोलापूर शहराच्या नळालाही याच धरणाचे पाणी येते. पण हे पाणी ज्यांच्या गावावर चढले, त्यांचे काय झाले? करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतली गावे उठली. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मोबदला मिळाला, जमिनीच्या बदल्यात जमिनीचा दावा तरी करता आला. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, त्याने काय मागायचे? भूमिहीनाच्या नुकसानीचा रकाना पुनर्वसनाच्या कागदात नेहमीच कोरा राहतो. अशा माणसाला आपल्या बुडालेल्या गावावर साचलेले पाणी हेच शेत झाले. भोई आणि कोळी समाज परंपरेने या पाण्यात उतरला. बाकीचे धरणग्रस्त आणि भूमिहीन गरजेपोटी उतरले.

त्याचा दिवस कसा जातो? संध्याकाळी लावलेली जाळी पहाटे काढायची. रोहू, कटला, मृगळ आणि अलीकडे सगळ्यात जास्त चिलापी हाती लागते. हा माल भिगवण किंवा इंदापूरच्या बाजारात पाठवायचा. मग तीच होडी धुऊन घ्यायची आणि तिच्यात पर्यटक बसवायचे. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठाला रोहित पक्षी, पट्टकादंब, चित्रबलाक उतरतात. ते पाहायला मोठमोठे कॅमेरे घेऊन माणसे भल्या पहाटे येतात. पक्षी दिसताच नावाडी इंजिन बंद करतो आणि बांबू टेकवत होडी हळूहळू पुढे नेतो. किती जवळ गेले की थवा उठेल, हे त्याला नेमके ठाऊक असते. पाहुण्यांना काठावरच्या घरात भाकरी आणि माशाचे कालवण मिळते. तिथे त्याच्या घरातल्या बाईचे श्रम लागतात आणि ते कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

हा धंदा पाण्याच्या मर्जीवर चालतो. रोहित पक्ष्याला उथळ दलदल लागते. पाऊस जास्त झाला, धरण काठोकाठ भरले, की पक्षी उशिरा येतात आणि नावाड्याचा हंगाम आखडतो. पाणी खाली गेले की वेगळी अडचण. जुन्या गावांच्या भिंती, विहिरी, झाडांची खोडे पाण्याखाली जेमतेम हातभर उरतात. कोणत्या गावची वेस कुठे बुडाली, देवळाचा कळस कुठे आहे, चिखल कुठे धरतो, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून इथेच येऊन साचते. पाणी हिरवे होते, जलपर्णी पसरते, मासळीवर परिणाम होतो. शहराने घाण पाठवायची, शहराने पक्षी पाहायला यायचे आणि दोन्ही वेळा वल्हे मारणारा मात्र तोच!

जगात दुसरीकडे या कामाची किंमत कशी होते ते पाहा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पर्यटक दिवसभरासाठी होडी भाड्याने घेतात आणि होडीचा मालक त्यांना गळाने मासे धरायला समुद्रात नेतो. त्या माणसाला तिथे ‘कॅप्टन’ म्हणतात. त्याला सरकारच्या तटरक्षक दलाचा परवाना लागतो. पैसे देणारे सहापर्यंत उतारू नेण्याचा साधा परवाना हवा असला, तरी पाण्यावर काढलेले किमान ३६० दिवस सिद्ध करावे लागतात. म्हणजे पाण्यावर घालवलेला प्रत्येक दिवस तिथे पात्रता म्हणून मोजला जातो. आपल्याकडे वीस-वीस वर्षे भीमेच्या पाण्यात काढलेल्या माणसाला काय म्हणतात? ‘ए होडीवाल्या!’ त्याच्या वीस वर्षांची कागदावरची किंमत शून्य. हा फरक केवळ श्रीमंत आणि गरीब देशांतला नाही. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, अशी शिकवण हजारो वर्षे देणाऱ्या समाजव्यवस्थेचा हा परिणाम आहे. पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रात कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या भाविकांना होडीतून नेतात. त्या भक्तीचे गोडवे सगळे गातात, पण होडी वल्हवणाऱ्याच्या विम्याबद्दल कोणी बोलत नाही.

आणि हा विषय केवळ मानापमानाचा नाही, जीवन-मरणाचा आहे. एप्रिल २०१७ च्या अखेरीस माळशिरस तालुक्यातील डॉक्टर मंडळी उजनीत नौकाविहाराला गेली असता होडी उलटली आणि चार डॉक्टरांचा बुडून मृत्यू झाला. २१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती आणि बोट चालवणाराही होता. हे काही सहलीला निघालेले लोक नव्हते. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो म्हणून दोन्ही काठांचे लोक वर्षानुवर्षे बोटीनेच ये-जा करत आले. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी त्यासाठीच होती. धरणाने तोडलेला रस्ता चाळीस वर्षे कोणी जोडून दिला नाही. ती उणीव नावाड्याने आपल्या होडीने भरून काढली आणि शेवटी आपला जीवही दिला.

अपघात झाला की काय होते? कायदा जागा होतो. असुरक्षित किंवा जादा भरलेल्या होडीतून भाडे घेऊन माणसे नेणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८२ प्रमाणे गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा कलम २८४ मध्ये आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. ही तरतूद असलीच पाहिजे, तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार अशी की, गुन्ह्याच्या रकान्यात नावाड्याचे नाव इंग्रजांच्या काळापासून आहे, पण हक्काच्या रकान्यात ते अजून आलेले नाही. पाणी जलसंपदा खात्याचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, पक्षी वन खात्याचे, पाहुणे पर्यटन खात्याचे. मग नावाडी कोणत्या खात्याचा? गुन्हा घडेपर्यंत कोणत्याच नाही, आणि गुन्हा घडला की पोलीस खात्याचा!

वास्तविक कायद्यात वाट आहे. १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेने अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ केला. यंत्रावर चालणाऱ्या होडीची तपासणी, नोंदणी, विमा आणि ती चालवणाऱ्याचे पात्रता प्रमाणपत्र यांची तरतूद त्यात आहे. यंत्राविना चालणाऱ्या होड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याची सोय आहे. आपत्तीच्या तयारीसाठी आणि जलवाहतुकीच्या वाढीसाठी राज्याने विकास निधी उभारावा, असेही त्यात आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला पाच लाखांचे विमा संरक्षण आहे. पण ते नोंदणी असलेल्या मच्छीमारालाच मिळते, आणि होडीत बसलेल्या पर्यटकाला तर ते लागूच नाही. म्हणजे कागद तयार आहे. तो कुगावच्या, कुंभारगावच्या काठापर्यंत पोहोचवणारा कोणी नाही.

इथेच खरा धोका आहे. प्रमाणपत्र, विमा, तपासणी या अटी सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहेत. पण नावाड्याला प्रशिक्षण न देता, मुदत न देता, मदत न देता त्या एका दिवसात लादल्या, तर अटी पूर्ण करणारी एकच जात उरेल, ती म्हणजे भांडवलवाल्यांची. मग सुरक्षिततेच्या नावाने ठेका निघेल, ठेकेदार येईल आणि कालचा नावाडी त्याच पाण्यावर त्याचा रोजंदार होईल. कोकणात शेतकरी आणि सरकार यांच्या मध्ये बसून खाणाऱ्या मध्यस्थाला खोत म्हणत. त्या खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. जमिनीवरची खोती १९४९ च्या कायद्याने गेली. ती आता पाण्यावर परत येऊ द्यायची काय?

बाबासाहेबांचा आणि पाण्याचा संबंध आपण महाडपाशी सुरू करतो आणि बहुतेकदा महाडपाशीच संपवतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. त्यांच्याच पुढाकाराने १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. त्या नावातला ‘नौकानयन’ हा शब्द लक्षात घ्या. नदीकडे पाहताना त्यांना पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी, वीज आणि वाहतूक, सगळे एकत्र दिसत होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये सर्व नागरिकांना उपजीविकेचे पुरेसे साधन मिळावे आणि समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला उपकारक होईल असे विभागले जावे, हे तत्त्व आले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सांगितले की, नद्या आणि नैसर्गिक साधने यांचे शासन हे विश्वस्त आहे. विश्वस्ताने विश्वस्तासारखे वागावे. ज्यांच्यासाठी विश्वस्त नेमला त्यांनाच काठावरून हुसकावण्याचा अधिकार त्याला नाही.

काही लोक म्हणतील, नावाडीही नियम पाळत नाहीत. खरे आहे. जास्तीच्या चार पैशांसाठी होडीत जादा माणसे बसवली जातात. जॅकेट असले तरी घातले जात नाही. पाहुण्यांना फोटो हवा म्हणून थव्यावर होडी घातली जाते आणि पक्षी उडवले जातात. हे थांबले पाहिजे आणि थांबवण्यात नावाड्यांनीच पुढाकार घेतला पाहिजे. पक्षी रुसले तर पहिली उपासमार त्यांचीच आहे. पण परवाने आणि नियम असलेल्या किनाऱ्यावर तरी अपघात टळले काय? तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला. तेव्हा मालक बदलल्याने सुरक्षितता येते, हा युक्तिवाद फसवा आहे. ती प्रशिक्षणाने, तपासणीने आणि वाऱ्याचा इशारा वेळेवर काठापर्यंत पोहोचण्याने येते. आणि वारा फिरला म्हणून फेरी नाकारणाऱ्या नावाड्याची त्या दिवशीची चूल पेटेल, अशी काही सोय असली तरच तो ती नाकारू शकतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. उजनीवर आज होडी चालवणाऱ्या प्रत्येकाची गावनिहाय नोंद ग्रामपंचायतीने करावी आणि पाण्यावर काढलेली वर्षे त्यात लिहावीत. पात्रता प्रमाणपत्रासाठी ती वर्षे धरावीत. प्रशिक्षण करमाळा-भिगवणला, मराठीत द्यावे आणि परीक्षा कागदापेक्षा पाण्यात घ्यावी. पर्यटन बोटींचे परवाने प्रथम धरणग्रस्त, मच्छीमार आणि भूमिहीन यांच्या सहकारी संस्थांना द्यावेत आणि त्या संस्थांत महिलांना सभासदत्व असावे. जॅकेट, विमा आणि इंजिनाची तपासणी यांचा पहिला खर्च आराखड्याच्या निधीतून व्हावा. प्रत्येक धक्क्यावर उतारूंची कमाल संख्या मोठ्या अक्षरांत लिहावी.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी यात काय करायचे? हा प्रश्न भोई-कोळ्यांचा आहे, आपला नाही, असे म्हणून चालणार नाही. पाण्यावर हक्क सांगण्याची लढाई महाडला लढलेल्यांचे आपण वारस आहोत. पहिले काम साधे आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करून उजनी जलपर्यटनाचा आराखडा, निविदेच्या अटी आणि परवान्याचे निकष मागवून घ्या. दहा रुपयांचा अर्ज आहे. तो कागद घेऊन काठावरच्या गावांत जा, ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठराव करून घ्या. निविदा निघाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ती निघण्याआधी त्या अटींमध्ये नावाड्याचे नाव घालून घेणे सोपे असते. करमाळा, माढा आणि इंदापूर, तिन्ही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी हा अर्ज याच महिन्यात टाकावा.