बायबलला सनावळी विचारताना

गोव्यात, राशोलला, 1616 साली फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं आणि बायबलमधल्या कथा मराठी ओवीत आल्या. त्या कथांना इतिहासाची कसोटी लावावी का? लावावीच, असं आम्हाला वाटतं. कधी पुरावा हाती लागतो: येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताचं नाव कोरलेला दगड कैसरियात 1961 मध्ये सापडला. पण शुभवर्तमानकार लूक येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात सांगतो आणि रोमी सुभेदार क्विरीनियच्या खानेसुमारीशीही जोडतो. दोहोंत सुमारे दहा वर्षांचं अंतर! म्हणून सरसकट निकाल न देता या अंकात एकेक प्रसंग तपासला आहे. नाताळच्या तोंडावर काहींना हे खुपेलही. त्यांनी तर जरूर लिहावं, पत्रं छापू.