धरणांचे दरवाजे आणि वलगणीचे मासे

सालवड-बोईसर परिसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत यांची तहान सूर्या नदीवर भागते. सूर्या ही वैतरणेची उपनदी. धामणी धरण व कवडासचा बंधारा यांनी सूर्येचे पाणी अडवले आहे; तर वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा व मोडकसागर ही धरणे उभी आहेत. पावसाळा आला की धरण किती भरले, ही बातमी आपण उत्सुकतेने वाचतो. त्याच दिवसांत धरणाखालच्या नदीत माशांच्या पुढील पिढीचे काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्याकडील जुन्या माणसांना वलगण ठाऊक आहे. पहिल्या मोठ्या पावसाने नदीनाले फुगले की मासे प्रवाहाविरुद्ध चढत जातात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. महसीर त्यासाठी खळाळत्या, स्वच्छ पाण्यातील दगडगोट्यांची जागा शोधतो. चढते पाणी हीच त्याला हाक असते. धरण बांधले की पहिले पाणी जलाशयात अडते आणि ती हाक उशिरा येते किंवा येतच नाही. पुढे जलाशय भरल्यावर दरवाजे एकदम उघडले, तर अंडी व पिल्ले वाहून जातात. ते एकाएकी मिटले, तर उथळ जागा उघड्या पडून अंडी सुकतात.

वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे महसीर टिकले, कारण तेथील भाविकांनी ते देवाचे मासे मानून धरले नाहीत. परंतु श्रद्धा जाळे रोखू शकते, धरणाचे दरवाजे नव्हे. लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास होते. दख्खनी महसीर आता जागतिक संकटग्रस्त वर्गातून बाहेर आला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि ज्या माशाला नदीत अंडी घालता येत नाहीत, त्याचे जगणे अखेर टाक्यांवरच अवलंबून राहणार.

यावर उपाय आहे. चीनमध्ये यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणातून २०११पासून माशांच्या विणीच्या हंगामात मुद्दाम चढते पाणी सोडण्याचे प्रयोग होत आहेत.

समुद्रातील माशांच्या विणीसाठी आपले कोळी बांधव १ जूनपासून ६१ दिवस होड्या किनाऱ्याला लावतात. पोटाला चिमटा घेऊन ते हा नियम पाळतात. मग नदीतील माशांसाठी धरणांना काहीच नियम का नसावा? पहिल्या पावसाच्या पाण्याचा थोडा वाटा नदीला द्यावा, दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडावेत व मिटावेत, एवढेच आमचे मागणे आहे. शहरांना पाणी हवे, हे आम्ही जाणतो. पण नळ उघडणाऱ्या आपण सर्वांनी त्या पाण्यावर नदीचाही हक्क आहे, हे मान्य केले पाहिजे.